नम्रता कोणी दाखवायची?



आजच्या सभेच्या अध्यक्षपदाचं आमंत्रण घेऊन जी मंडळी घरी आली, त्यांनी निघताना एक विनंती केली. म्हणाली, "बाई, यंदाचा विषय नम्रता आणि समाजजीवन असा आहे, तेव्हा जरा सबुरीनं घ्या." त्यांचा हेतू चांगला होता. तरीही ती विनंती मी मानणार नाही, आणि का मानणार नाही हेच मला आज सांगायचं आहे.

आपल्या धर्मग्रामांत नम्रतेचा विषय निघतो तो नेहमी खालच्या माणसाला उद्देशून. जमाखर्च विचारणाऱ्या तरुणाला सांगतात, नम्र हो. आपल्या मुलीला गायनवृंदात का घेतलं नाही असं विचारणाऱ्या आईला सांगतात, नम्रता शिका. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला तर सांगावंही लागत नाही. ते आपणहून शेवटच्या बाकावर बसतं आणि शेवटचं गीत सुरू व्हायच्या आत दाराबाहेर पडतं. पण ज्याच्या हातात माईक आहे, कपाटाच्या चाव्या आहेत, वेदीवर वाचन कोण करणार आणि सणाच्या मिरवणुकीत पुढे कोण चालणार हे ठरवायचा अधिकार आहे, त्याला नम्रतेचा पाठ द्यायला कोणी जात नाही. माझं म्हणणं असं की नम्रता ही अधिकार असलेल्याने आचरायची गोष्ट आहे. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्याकडून ती वसूल करणं हा अन्याय आहे, आणि आपण तो येशूच्या नावाने करतो.

शेवटच्या भोजनाची रात्र आठवा. लूकच्या शुभवर्तमानात त्या रात्रीची एक गोष्ट आहे, ती प्रवचनांत फारशी ऐकू येत नाही. भाकर मोडून झाली, प्याला फिरला, आणि त्याच जेवणावर शिष्यांमध्ये वाद जुंपला की आपल्यात मोठा कोण. क्रूस उद्यावर आला आहे आणि यांचं मानपानाचं भांडण चालू आहे. योहान त्याच रात्रीचं वर्णन करतो तेव्हा भाकरीचा आणि प्याल्याचा विधी सांगतच नाही. तो सांगतो की येशू पानावरून उठला, अंगावरचं वस्त्र उतरवलं, कमरेला पंचा बांधला, घंगाळात पाणी ओतलं आणि एकेकाचे पाय धुऊ लागला. हे त्या काळी घरातल्या गुलामाचं काम. पेत्राने पाय मागे घेतले. त्याचा नकार दिसायला नम्र होता, पण मला त्यात भीती दिसते. गुरू इतका खाली बसला तर उद्या आपल्यालाही बसावं लागेल, ही भीती. येशूने तो नकार चालवून घेतला नाही. पाय धुऊ देणार नसशील तर तुझा माझा संबंध उरणार नाही, इतक्या स्पष्ट अर्थाचं तो पेत्राला बोलला. ज्याला आपण सौम्य म्हणतो तो येशू या एका बाबतीत अजिबात सौम्य नव्हता.

आता त्याच रात्रीच्या आठवणीचा आपल्याकडचा पवित्र गुरुवार बघा. बारा जणांची यादी आठवडाभर आधी तयार होते. वेदीसमोर बारा खुर्च्या, पांढऱ्याशुभ्र टॉवेलांच्या इस्त्रीच्या घड्या, लिंबू लावून लखलखीत घासलेली पितळेची परात. बारा जण घरूनच साबणाने पाय धुऊन, नखं कापून आलेले असतात. मोजा फक्त उजव्या पायाचा काढायचा, हेही त्यांना आधी सांगून ठेवलेलं असतं. फादर वाकतात, घोटभर पाणी घालतात, टिपून घेतात, फोटोग्राफर पुढे सरकतो. यादीत कोण असतं? धर्मग्रामाच्या कौन्सिलचे पदाधिकारी, जुन्या घराण्यांचे कर्ते पुरुष, देवळाच्या रंगकामाला हातभार लावलेले देणगीदार. ज्या बाईने दुपारी ती परात घासली, ओणवं राहून देवळाची सगळी फरशी पुसली आणि विधी उरकल्यावर सांडलेलं पाणी पुन्हा पुसलं, ती त्या यादीत नसते. तिच्या टाचांच्या भेगांत काळी रेघ बसलेली आहे, ती कोणत्याही साबणाने जात नाही. हा विधी ज्या पायांसाठी आहे ते पाय खांबाआड उभे असतात आणि आपण धुतलेले पाय पुन्हा धुतो.

कोणी म्हणेल, बायकांचे पाय धुवायचे नसतात, तशी परंपरा आहे. परंपरेचं उत्तर परंपरेच्या रक्षकानेच देऊन ठेवलं आहे. पोप फ्रान्सिस मार्च 2013 मध्ये पोपपदावर आले आणि त्याच महिन्यातल्या पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी त्यांनी सेंट पीटर्सच्या भव्य मंदिरात केला नाही. ते रोममधल्या कासाल देल मार्मो या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या बारा तरुण कैद्यांचे पाय त्यांनी धुतले. त्यांत मुली होत्या, मुस्लिमही होते. जानेवारी 2016 मध्ये त्यांनी विधीचा नियमच बदलून घेतला: पुरुष निवडा असं जिथे लिहिलं होतं तिथे देवाच्या प्रजेतून निवडा असं झालं. त्यात स्त्रिया आल्या, तरुण आले, म्हातारे आले, आजारी आले. आणि 2025 च्या पवित्र गुरुवारी, मृत्यूला चार दिवस उरले असताना, ते रोमच्या रेजिना चेली तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटले. वाकायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं, तसं त्यांनी सांगितलंही. पण ते गेले. आपल्या किती धर्मग्रामांनी तो बदललेला नियम मनापासून अमलात आणला? ज्यांनी आणला त्यांना मी इथूनच हात जोडते. बाकीच्यांनी उत्तर द्यावं.

हा रोग नवा नाही. करिंथच्या मंडळीला पौलाने जे खरमरीत पत्र लिहिलं, त्यात हाच राग आहे. प्रभुभोजनाला सगळे जमायचे, पैसेवाले आधी येऊन खाऊनपिऊन तर्र व्हायचे आणि कष्टकरी उशिरा पोहोचून उपाशी परतायचे. पौल त्यांना सांगतो की तुम्ही जे खाताय ते प्रभूचं भोजन नव्हेच. याकोबाच्या पत्रात तर आपल्या रविवारच्या मिस्साचंच चित्र आहे. सोन्याची अंगठी घातलेला माणूस आत आला की त्याला चांगली जागा, मळक्या कपड्यातला आला की त्याने उभं राहावं नाहीतर पायाशी बसावं. हे लिहून एकोणीसशेहून अधिक वर्षं झाली. आपण अजून सणाच्या मिस्साला पहिल्या दोन रांगांना रिबीन बांधतो आणि खुर्च्यांवर 'राखीव' असे कागद चिकटवतो.

मला इथे एका मयताबद्दल बोलायचं आहे. धर्मग्रामाचं नाव घेणार नाही, कारण कुठलाही धर्मग्राम त्या जागी असू शकला असता. नगर जिल्ह्यातून आलेला एक गवंडी, बायको आणि दोन मुलांसह चाळीत भाड्याने राहायचा. कॅथॉलिक कुटुंब, दर सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला न चुकता जाणारं. माणूस कामावर असताना छातीत कळ येऊन गेला. बायको देवळाच्या ऑफिसात गेली तेव्हा तिला विचारलं गेलं की तुमचं कुटुंबाचं कार्ड कुठे आहे, तुमची नोंद कुठे आहे, आधीच्या धर्मग्रामाचं पत्र आणलं आहे का. नवऱ्याचं प्रेत घरात आणि ही बाई नगरला फोन लावत बाकड्यावर बसलेली. दफन झालं, नाही असं नाही. पण पेटी उचलायला त्या वस्तीतले आपले चार जण मिळाले नाहीत. पेटी चाळीतल्या पोरांनी उचलली, त्यांतले बहुतेक हिंदू होते, एक मुसलमान होता. पोरं कबरस्तानाच्या फाटकाशी थबकली, कारण आत गेलेलं चालतं का हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि सांगायला कोणी पुढे आलं नाही.

महिन्याभराने त्याच धर्मग्रामातल्या एका मोठ्या घरी मयत झालं. सहा फादर, कोपऱ्यापर्यंत गाड्या, गायनवृंद पूर्ण हजर. त्या घराच्या दुःखाबद्दल मला बोलायचं नाही, मरण सर्वांना सारखंच जड असतं. म्हणूनच सांगते. 1983 च्या कॅनन लॉ संहितेत कलम 1181 आहे. अंत्यविधीत माणूस बघून भेदभाव होऊ नये आणि गरिबाला योग्य अंत्यविधी नाकारला जाऊ नये, असं ते बजावतं. कलम 848 सांगतं की संस्कारांसाठी ठरलेल्या अर्पणापलीकडे काही मागायचं नाही आणि गरिबीपायी कोणी संस्काराला मुकता कामा नये. हा मुद्दा मी भावनेच्या भरात मांडत नाही, चर्चच्याच कायद्याने मांडते आहे. आणि कायदा पाळणं हा किमान धर्म झाला. त्या बाईसोबत बाकड्यावर बसायला एखादी बाई गेली असती तर कायद्याची गरजच पडली नसती.

"बाहेरचे" हा शब्द आपल्या तोंडी फार येतो. वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी असे आपण मूळचे, आणि नालासोपारा-विरारच्या इमारतींत आलेले मंगळुरी, मल्याळी, तमिळ, झारखंडचे आदिवासी, मराठवाड्यातले आणि नगरचे मराठी ख्रिस्ती हे सगळे बाहेरचे. मूळचे असण्याचा अभिमान मी समजू शकते, मीही त्याच मातीतली आहे. 1739 मध्ये पोर्तुगीज सत्ता गेली, परदेशी पाद्री गेले, त्यानंतर गावोगावच्या साध्या माणसांनी जपमाळा आणि लदीन ही सामूहिक प्रार्थना म्हणत श्रद्धा टिकवली. हे आपल्या पूर्वजांचं मोठेपण आहे. पण त्या पूर्वजांना टिकवलं कशाने? मे महिन्यात संध्याकाळी वेशीवरच्या क्रुसापाशी सगळी आळी जमायची, लदीन व्हायची, मग उकडलेले चणे वाटले जायचे. चण्याचं टोपलं फिरायचं तेव्हा कोणी कोणाचं कार्ड विचारत नव्हतं. वाटेने जाणाऱ्यालाही मूठभर मिळायचे.

वसईत बावखल नावाचं तळं असतं. ते असतं एकाच्या वाडीत, पण त्याचं पाणी झिरपून आसपासच्या सगळ्यांच्या विहिरींना पोहोचतं. बावखलं बुजवली आणि आता विहिरींना खारं पाणी येतंय म्हणून आपण रडतो. धर्मग्रामाचंही तेच केलंय आपण.

मूळचे आणि बाहेरचे असा हिशेब मांडायचाच असेल तर आपल्या संताचंच नाव घेते. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथली. जपानात तो येशूसंघीयांचा साहाय्यक म्हणून राबला, पण त्यांच्या संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. मग व्यापार केला, आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात गेला तो बंधू म्हणून, धर्मगुरू म्हणून नव्हे. जपानी भाषा येत होती म्हणून जपानला निघालेल्या फ्रान्सिस्कन मोहिमेत दुभाष्याचं काम त्याच्याकडे. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर मारलं, त्यांत तो होता. 1862 मध्ये तो संत झाला. भारतात जन्मलेला पहिला संत, आणि तो कुठल्याही धर्मग्रामाचा प्रमुख नव्हता, कौन्सिलचा अध्यक्ष नव्हता, अर्धा बाहेरचा होता आणि त्याचं आयुष्य परक्या देशात परक्यांची भाषा शिकण्यात गेलं. त्याच्या नावाने आपण मिरवणूक काढतो आणि पलीकडच्या इमारतीतल्या झारखंडच्या मुलीला, जी आपल्याच घरात भांडी घासते, रविवारी ओळख दाखवत नाही.

आता जातीचं. कुजबुज होईल, होऊ दे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध दरवर्षी 10 ऑगस्टला आपण काळा दिवस पाळतो. मीही त्या सभांना जाते. पण तिथे आपण सरकारला काय सांगतो? सांगतो की धर्म बदलला तरी जात सुटत नाही, दलित ख्रिस्त्याला आजही भेदभाव सोसावा लागतो. कोणाकडून सोसावा लागतो, हे आपण सांगत नाही. तमिळनाडूत तिरुच्चिरापल्लीच्या कॅथॉलिक कबरस्तानात दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवणारी भिंत उभी होती, ती सरकारने बांधली नव्हती. गोव्यात कन्फ्रारियांच्या, म्हणजे चर्चमधल्या धार्मिक मंडळांच्या, मुर्सा या खांद्यावरच्या वस्त्राच्या रंगावरून माणसाची जात कळायची, तो रंगही सरकारने ठरवला नव्हता. डिसेंबर 2016 मध्ये भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि चर्चमध्ये अस्पृश्यता चालते हे कबूल करून तिला पाप म्हटलं. ते धोरण आपल्या किती कौन्सिलांत वाचलं गेलं? आणि वसईकरांनो, तमिळनाडूकडे बोट दाखवून सुटू नका. सामवेदी घरातली मुलगी नगरच्या ख्रिस्ती मुलाशी लग्न करायचं म्हणते तेव्हा त्या घरात काय होतं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. दोघांचा स्नानसंस्कार एकच, ख्रिस्तप्रसाद एकच, आणि तरी आईला झोप लागत नाही.

हे सगळं सांगितल्यावर मला नेहमी दोन उत्तरं मिळतात. पहिलं असं: दिवस वाईट आहेत, देवळांवर हल्ले होताहेत, प्रार्थनासभा बंद पाडल्या जाताहेत, अशा वेळी घरातलं बाहेर काढू नका. दिवस वाईट आहेत हे खरं. पण बाहेरच्या वादळात कोणतं घर टिकतं? फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत उभे राहिले तेव्हा त्यांच्यामागे फक्त ख्रिस्ती नव्हते. वाडीवाल्यांचं, कोळ्यांचं, हिंदूंचं, मुसलमानांचं पाणी एकच होतं, म्हणून सगळे एकत्र आले. 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं तेव्हा धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला, आणि त्यांच्या बाजूने महाराष्ट्रभरातले मराठी वाचक बोलले. तो पाठिंबा त्यांनी 'सुवार्ता' मासिकाच्या संपादकाच्या टेबलावर, वाडीतल्या बैठकांत आणि मोर्च्यांत वर्षानुवर्षं कमावला होता. भोवतालच्या माणसांशी नातं नसलेल्या धर्मग्रामाला वाईट दिवसांत कोण वाचवायला येणार? त्या गवंड्याची पेटी उचलणारी पोरंच येतील. त्यांना आपण फाटकाशी उभं केलं.

दुसरं उत्तर धर्मगुरूंकडून येतं: प्रश्न विचारणं म्हणजे आज्ञापालनाचा अभाव. आदराने, पण ठामपणे सांगते, हे चर्चचं शिक्षण नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नोव्हेंबर 1964 मध्ये चर्चविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. त्याच्या मांडणीवरच वाद झाला होता आणि शेवटी देवाच्या प्रजेचं प्रकरण आधी आणि अधिकारी वर्गाचं त्यानंतर असा क्रम परिषदेने जाणूनबुजून ठरवला. कॅनन लॉचं कलम 212 सांगतं की चर्चच्या हिताच्या बाबतीत आपलं मत पाळकांना कळवणं हा श्रद्धावंतांचा हक्क आहे, आणि कधी कधी कर्तव्यही. कलम 537 प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. कलम 1287 प्रमाणे लोकांनी अर्पण केलेल्या पैशाचा हिशेब लोकांना द्यायचा असतो. आणि 2021 पासून चाललेल्या सिनडच्या प्रक्रियेचा ऑक्टोबर 2024 चा अंतिम दस्तऐवज पारदर्शकता, उत्तरदायित्व आणि दरवर्षीचा जमाखर्च यांबद्दल स्पष्ट बोलतो. तो दस्तऐवज पोप फ्रान्सिस यांनी जसाच्या तसा स्वीकारला. आपल्याकडे हिशेब म्हणजे मिस्साच्या शेवटी सूचनांमध्ये घाईने वाचलेले दोन आकडे, आणि त्यांवर प्रश्न विचारणाऱ्याकडे वळलेल्या माना.

आपल्या मराठी परंपरेचीही याला साक्ष आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. ते पुराण कशाने सुरू होतं? ख्रिस्ती झालेला एक गृहस्थ पाद्रीगुरूंना प्रश्न विचारतो. आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आमच्या भाषेत दुसरं पुराण आम्हाला का देत नाही, असा त्याचा रोखठोक सवाल आहे. पाद्रीगुरू त्याला नम्रता शिक असं सांगत नाहीत. ते त्याला सुमारे अकरा हजार ओव्यांनी उत्तर देतात. मराठी ख्रिस्ती साहित्याचा पायाच एका श्रद्धावंताच्या प्रश्नावर रचला गेला आहे. चारशे वर्षांनंतर आपण प्रश्न विचारायला घाबरतो आणि आपले धर्मगुरू प्रश्नाला घाबरतात.

मात्र सगळं खापर फादरांवर फोडणाऱ्यांना मी साथ देणार नाही. फादर पाच-सहा वर्षांनी बदलून जातात. कौन्सिलात ठाण मांडून बसलेली घराणी जात नाहीत. नवीन फादर आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे कोण पोहोचतं, कोण त्यांना सांगतं की अमक्याच्या नादी लागू नका, तमक्याला वाचनाला घेऊ नका? आपणच. बाकावर, पंख्यावर, पायरीवर संगमरवरी पाट्या लावून घेणारे आपणच. दान उजव्या हाताने करावं आणि डाव्याला कळू नये असं शिकवणाऱ्याच्या घरात आपण पाटीवरच्या अक्षरांचा आकार किती असावा यावर भांडतो. काही धर्मगुरू एकटे पडलेत, थकलेत, आणि त्यांच्याकडे हक्काने जेवायला या असं म्हणणारं साधं घर त्यांना सापडत नाही, कारण श्रीमंत घरांनी त्यांच्या संध्याकाळी आधीच वाटून घेतलेल्या असतात.

वेगळं करता येतं, कारण लोकांनी केलं आहे. 1833 मध्ये पॅरिसमध्ये विशीतल्या फ्रेदेरिक ओझानामने मित्रांसोबत जी संस्था सुरू केली तीच पुढे सेंट विन्सेंट द पॉल सोसायटी म्हणून जगभर गेली. तिचा मूळ आग्रह असा की मदत ऑफिसातून वाटायची नाही, गरिबाच्या घरी जाऊन बसायचं. आपल्या वसईतही असे सभासद आहेत. पावसात छत्री धरून, कुठल्याही पाटीशिवाय, गळक्या खोलीत जाऊन बसतात. नगर जिल्ह्यात फादर हर्मन बाखर यांनी पाणलोटाचं काम उभं केलं. स्विस येशूसंघीय, लोकांचे बाखर बाबा. त्या कामाची अटच होती की गावाने एकत्र बसून ठरवायचं, श्रमदान करायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची. ज्या गावांत एकमेकांच्या ओट्यावर न चढणारी माणसं होती, तिथे एका चरावर सगळे कुदळ घेऊन उतरले. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांतलं पाणी त्या एकत्र बसण्यातून आलं. आणि आपले नारायण वामन टिळक घ्या. ते आपल्या कॅथॉलिक चर्चचे नव्हते, पण आपल्या भाषेचे होते. 1917 मध्ये त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' उघडला, त्यात स्नानसंस्कार घेतलेले आणि न घेतलेले सारखेच येशूभक्त म्हणून बसू शकत होते. मिशनचा पगार सोडून त्यांनी ते केलं.

आता ठरावांकडे येते. अध्यक्षीय भाषणानंतर आभार मानायचे आणि चहाला उठायचं ही आपली पद्धत, ती मी आज मोडते आहे. मी लिहून आणलेले ठराव असे. येत्या पवित्र गुरुवारी पाय धुण्याची यादी कौन्सिलने करू नये. सफाई करणाऱ्या बाईपासून सुरुवात करावी आणि प्रत्येक छोट्या ख्रिस्ती समूहाने आपल्या वस्तीतला सर्वांत एकटा माणूस शोधून त्याचं नाव द्यावं. धर्मग्रामाचा वर्षाचा जमाखर्च छापून देवळाच्या दारावर लावावा आणि त्यासाठी एक संपूर्ण सभा घ्यावी, जिथे कोणीही प्रश्न विचारू शकेल. मयताची बातमी आली की त्या वस्तीच्या समूहातले चार जण आणि दोन स्त्रिया तासाभरात त्या घरी पोहोचतील, नोंद आहे की नाही हे नंतर बघितलं जाईल. सणाच्या मिस्साला एकही खुर्ची राखीव नसेल, अपवाद फक्त अपंग आणि म्हाताऱ्या माणसांचा. आणि कौन्सिलात सलग दोन मुदतींपेक्षा जास्त कोणी बसणार नाही. हा शेवटचा ठराव इथल्या पुष्कळांना झोंबेल, तो त्यांच्यासाठीच आहे.

हे ठराव उद्या अमुक समितीकडे अभ्यासाला पाठवू, असं कृपा करून कोणी सुचवू नका. प्रमुख धर्मगुरू इथे बसले आहेत, कौन्सिलचे सभासद बसले आहेत, आणि ज्यांच्याबद्दल मी बोलले ती माणसंही मागच्या दारापाशी उभी आहेत. खुर्च्या रिकाम्या आहेत, त्यांनी आधी पुढे येऊन बसावं. ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनी माझ्या तोंडावर, सर्वांदेखत, माईकवर येऊन करावा. मी ऐकेन आणि उत्तर देईन, पण सभा चहाला उठू देणार नाही. पहिला ठराव मी मांडला आहे, पवित्र गुरुवारच्या यादीचा. अनुमोदन कोण देतंय?